जपानी शिकायला कोणता शब्दकोश घ्यावा? यंत्र, ॲप आणि अँकी यांचा हिशेब

जपानहून ओळखीचं कोणी सुट्टीवर येणार असलं की जपानी शिकणाऱ्याच्या मनात एक प्रश्न हमखास येतो. येताना ‘देन्शी जिशो’ मागवावा का? देन्शी जिशो म्हणजे इलेक्ट्रॉनिक शब्दकोश. तळहाताहून थोडं मोठं, पुस्तकासारखं उघडणारं यंत्र, आत छोटा कीबोर्ड आणि स्क्रीन. नवं घ्यायचं तर मॉडेलप्रमाणे साधारण वीस हजार ते पन्नास हजार येन पडतात, म्हणजे अकरा-बारा हजारांपासून पंचवीस-तीस हजार रुपयांपर्यंत. दुसरीकडे फोनवर फुकट ॲप ढिगाने आहेत आणि प्रत्येकाच्या जाहिरातीत तेच सगळ्यात चांगलं आहे.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते असं: एन-५ आणि एन-४ या पहिल्या दोन पातळ्यांपर्यंत यंत्र घेऊ नका, फुकट ॲप पुरतं. त्यानंतरही यंत्राची गरज बहुतेकांना पडत नाही. पण ‘कोणतं ॲप’ यापेक्षा ‘अर्थ कोणत्या भाषेत लिहून ठेवायचा’ हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, आणि मराठी माणसाने तो स्वतःला जरूर विचारावा. का, ते पुढे बघू.

हे यंत्र मुळात कोणासाठी बनलंय?

ही गोष्ट दुकानदार सांगत नाही. देन्शी जिशो बनतो तो जपानी माणसासाठी. कॅसिओचा एक्स-वर्ड घ्या किंवा शार्पचा ब्रेन, त्याचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे इंग्रजी शिकणारा जपानी शाळकरी मुलगा, कॉलेजची मुलगी किंवा ऑफिसातला माणूस. शाळेसाठीचं मॉडेल वेगळं, विद्यापीठासाठीचं वेगळं. त्यामुळे मेनू जपानीत, बटणांवरची अक्षरं कांजीत, आणि आतल्या उदाहरण-वाक्यांतल्या कांजींवर फुरिगाना बहुधा नसते. फुरिगाना म्हणजे कांजीच्या डोक्यावर बारीक अक्षरात छापलेला उच्चार. जपानी माणसाला तो लागत नाही. आपल्याला लागतो. शब्दाचा अर्थ बघायला जावं, तर वाक्यातले आणखी चार शब्द अडतात. सुरुवातीच्या विद्यार्थ्याचा उत्साह इथेच मावळतो आणि महागडं यंत्र कपाटात जातं.

आणखी एक अडचण. बहुतेक यंत्रांत क्रियापद मूळ रूपातच टाइप करावं लागतं. ‘ताबेताकुनाकात्ता’, म्हणजे ‘खावंसं वाटत नव्हतं’, हा शब्द वाचनात आला तर त्याचं मूळ ‘ताबेरु’ आहे हे आधीच माहीत हवं. फोनवरची बरीच ॲप हे रूप तसंच्या तसं टाकलं तरी मुळापर्यंत नेतात आणि कोणतं रूप आहे तेही सांगतात.

मग यंत्राचं कौतुक कशासाठी? आतल्या कोशांसाठी. इवानामी प्रकाशनाचा ‘कोऽजिएन’ (सातवी आवृत्ती २०१८, सुमारे अडीच लाख नोंदी), सानसेइदोऽचा ‘दाइजिरिन’, केन्क्युऽशाचा मोठा जपानी-इंग्रजी कोश हे संपादकांनी वर्षानुवर्षं घडवलेले ग्रंथ आहेत. महागड्या मॉडेलमध्ये असे अनेक ग्रंथ एकत्र मिळतात आणि एका कोशातल्या शब्दावरून थेट दुसऱ्या कोशात उडी मारता येते. वेगळे घ्यायला गेलात तर यातला एकेक कोशही स्वस्त नाही. वर नोटिफिकेशन नाहीत, इन्स्टा नाही. अभ्यासाला बसून शब्द बघायला फोन उचलला आणि अर्ध्या तासाने रील बघताना भान आलं, हे ज्यांचं रोजचं आहे त्यांना या गुणाची किंमत कळेल.

मात्र ही बाजारपेठ आटत चालली आहे. शार्पने १९७९ मध्ये हातात मावणारं इलेक्ट्रॉनिक भाषांतर-यंत्र आणलं, तिथून ही परंपरा सुरू होते. पुढे सेइको, कॅनन, कॅसिओ असे बरेच जण उतरले. सेइको २०१५ मध्ये या धंद्यातून बाहेर पडली. २०२५ च्या सुरुवातीला कॅसिओनेही नव्या मॉडेलांचा विकास थांबवल्याची बातमी आली, असलेली मॉडेलं तेवढी विकली जाताहेत. म्हणजे आज घेतलेलं यंत्र पुढच्या दहा वर्षांची गुंतवणूक समजू नका.

फुकट ॲपच्या पोटात काय असतं?

आता फोनकडे वळू. अँड्रॉइडवर ताकोबोतो किंवा आकेबी, आयफोनवर शिराबे जिशो, वेबवर जिशो डॉट ऑर्ग. ही नावं जपानीच्या कुठल्याही वर्गात ऐकू येतात. लोक एक ॲप काढून दुसरं टाकतात आणि ‘यात जास्त चांगला अर्थ मिळतो’ असं म्हणतात. गंमत म्हणजे यांतल्या बहुतेकांच्या पोटात एकच कोश आहे.

त्याचं नाव जेएमडिक्ट. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात शिकवणारे जिम ब्रीन यांनी १९९१ मध्ये ‘एडिक्ट’ नावाची जपानी-इंग्रजी शब्दांची साधी फाईल सुरू केली. जगभरातून लोकांनी भर घातली, आणि आज दोन लाखांहून जास्त नोंदी झाल्या आहेत. श्रेय दिलं की कोणालाही, अगदी धंद्यासाठीही, हा डेटा वापरता येतो. म्हणून शेकडो ॲप उभी राहिली. ॲपच्या ‘अबाउट’ पानावर जेएमडिक्ट किंवा ईडीआरडीजी हे नाव आहे का बघा. असलं, तर तुम्ही दरमहा पैसे भरून जो कोश वापरताय तोच शेजारच्या ॲपमध्ये फुकट आहे. पैसे द्यायला हरकत नाही, पण ते मांडणीचे, उच्चाराच्या रेकॉर्डिंगचे, सोयीचे आहेत हे माहीत असलेलं बरं.

उदाहरण-वाक्यांचीही अशीच गोष्ट. फुकट ॲपमधली बरीचशी वाक्यं तातोएबा या लोकांनी मिळून चालवलेल्या संग्रहातून येतात. त्याचा जपानी-इंग्रजी गाभा प्राध्यापक यासुहितो तानाका यांनी विद्यार्थ्यांकडून जमवून घेतलेल्या वाक्यांचा. त्यात चुका होत्या, पुष्कळ दुरुस्त झाल्या, सगळ्या नाहीत. त्यामुळे ॲपमधलं एखादं वाक्य पाठ करून मुलाखतीत किंवा निबंधात ठोकण्याआधी ते शिक्षकांना दाखवा.

या कोशात इंग्रजीखेरीज जर्मन, फ्रेंच, रशियन, डच, स्पॅनिश, हंगेरियन अशा भाषांतले अर्थही कमी-अधिक प्रमाणात जोडलेले आहेत. मराठी नाही.

मग ॲप निवडायचं कशावरून?

डेटा एकच असेल तर फरक शोधण्याच्या पद्धतीत असतो. जपानीत ही अडचण खरी आहे. मराठीत अनोळखी शब्द दिसला तर निदान वाचता येतो. कांजी दिसली आणि उच्चार माहीत नसेल तर टाइप काय करणार?

जुन्या छापील कोशात कांजीतला मुख्य घटक ओळखून, रेघा मोजून शोधावं लागे. पारंपरिक यादीत असे २१४ घटक आहेत. आता तीन वाटा आहेत. बोटाने स्क्रीनवर कांजी काढा, ओळखीचे दोन-तीन तुकडे निवडून चाळणी लावा, किंवा कॅमेरा धरा. कॅमेरा सगळ्यात सोपा, म्हणून सवय लावायची तर सगळ्यात शेवटी लावा. बोटाने काढताना रेघांचा क्रम आणि संख्या चुकली तर काही ॲप भलतीच कांजी दाखवतात. हा दोष वाटतो, पण त्यामुळे क्रम शिकला जातो. तुमच्या ॲपमध्ये हाताने लिहिण्याची सोय नसेल तरी चालेल. गूगलच्या कीबोर्डमध्ये जपानी भाषा जोडताना हस्तलेखनाचा पर्याय मिळतो, तो कुठल्याही ॲपमध्ये चालतो.

नेट नसताना चालतं का, हे लोकलमध्ये आणि कॉलेजच्या तळघरातल्या वर्गात कळतं. वर सांगितलेली फोनची तीनही ॲप ऑफलाइन चालतात. वेबसाइटला अर्थातच नेट लागतं.

आता एक छोटी सेटिंग, जी फारच कमी विद्यार्थ्यांना कोणी सांगतं. संगणकात चिनी आणि जपानी अक्षरांना बऱ्याच ठिकाणी एकच क्रमांक दिलेला आहे. फोनला जपानी माहीत नसेल तर तो तेच अक्षर चिनी वळणात दाखवू शकतो. ‘हाड’ या अर्थाची कांजी किंवा ‘सरळ’ या अर्थाची कांजी चिनी आणि जपानी छापात स्पष्ट वेगळी दिसते. म्हणजे पाठ्यपुस्तकात एक आकार, फोनवर दुसरा, आणि विद्यार्थी गोंधळून वहीत तिसराच लिहितो. उपाय सोपा आहे. फोनच्या भाषांच्या यादीत मराठी किंवा इंग्रजीच्या खाली जपानी ही आणखी एक भाषा जोडून ठेवा. फोन मराठीतच राहील, कांजी मात्र जपानी वळणाची दिसेल.

लॅपटॉपवर वाचणाऱ्यांनी योमितान हे ब्राउझरचं एक्स्टेंशन जरूर बघावं. पानावरच्या जपानी शब्दावर माउस नेऊन शिफ्ट दाबलं की अर्थाची चौकट उघडते. आधीचं योमिचान २०२३ मध्ये बंद पडलं, ते स्वयंसेवकांनी या नावाने चालू ठेवलंय. कोश आपणच त्यात भरावे लागतात, त्यामुळे पहिली पंधरा मिनिटं कटकटीची. पुढे आरामच आराम.

देवनागरीची मदत आणि देवनागरीचा सापळा

मराठी विद्यार्थ्याला जपानी कोशाचा क्रम परका वाटत नाही, आणि याला इतिहास आहे. जपानी अक्षरांची ओळ अशी चालते: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या बाराखडीचीच धाकटी बहीण! बौद्ध भिक्षूंबरोबर सिद्धम् लिपी जपानात गेली, तिच्या अभ्यासातून हा क्रम घडला. ‘ना’ आणि ‘मा’ यांच्यामध्ये आपल्याकडे प-वर्ग येतो, तिथे जपानीत ‘हा’ का? कारण प्राचीन जपानीत ‘हा’चा उच्चार ‘पा’ होता. जपानी-जपानी कोशातले शब्द याच क्रमाने लागतात.

पण वहीत उच्चार देवनागरीत लिहायची सवय पहिल्या महिन्यानंतर सोडा. आपण जपानी ‘आ’ ऱ्हस्व असो वा दीर्घ, काना देऊनच लिहितो, आणि ‘ओ’मध्ये तर ऱ्हस्व-दीर्घ हा भेदच आपल्या लिपीत नाही. जपानीत याने अर्थ बदलतो. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकू, ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. (या लेखात लांबवलेला स्वर दाखवायला अवग्रह वापरलाय.) ‘ब्योऽइन’ म्हणजे दवाखाना आणि ‘बियोऽइन’ म्हणजे ब्युटी पार्लर. त्यामुळे उच्चार हिरागानातच लिहावा. ‘त्सु’ची मात्र काळजी नको. ‘चूक’ या शब्दातला आपला दंत्य ‘च’ जवळजवळ तोच आहे. ही सोय हिंदीभाषक मित्रांना नसते.

स्वराचा चढउतार हा पुढचा टप्पा. ‘हाशी’ म्हणजे जेवायच्या काड्या, पूल किंवा कड. तोक्योच्या बोलीत फरक फक्त आवाज कुठे खाली येतो यात आहे. जेएमडिक्ट मुळात ही माहिती देत नाही. दाइजिरिन आणि एनएचकेचा उच्चारकोश देतात, आणि तोक्यो विद्यापीठाने चालवलेलं ओजाद हे संकेतस्थळ फुकट दाखवतं. एन-५ च्या विद्यार्थ्याने यात वेळ घालवण्यापेक्षा नीट ऐकावं. कॉल सेंटर, दुभाषी किंवा शिक्षक होणाऱ्याने मात्र लवकर सुरुवात करावी.

इंग्रजी मध्यस्थ काय खाऊन टाकतो

आता मूळ मुद्द्याकडे. आपले जवळजवळ सगळे विद्यार्थी जपानी इंग्रजीतून शिकतात, कारण साधनं इंग्रजीत आहेत. शब्द बघतात, इंग्रजी अर्थ पाठ करतात. पण कितीतरी ठिकाणी जपानी आणि मराठी एकमेकींच्या जवळ आहेत आणि इंग्रजीच लांबची आहे. अशा वेळी आपण पुण्याहून साताऱ्याला मुंबईमार्गे जातो.

साधा शब्द घ्या. इंग्रजी ‘कोल्ड’ टाकून शोधलं तर सामुइ, त्सुमेताइ आणि काझे असे तीन शब्द समोर येतात आणि विद्यार्थी पहिला उचलतो. मराठीत विचार केला असता तर गोंधळच झाला नसता. सामुइ म्हणजे थंडी वाजते ती, त्सुमेताइ म्हणजे हाताला गार लागतं ते, काझे म्हणजे सर्दी. तीन शब्दांना आपल्याकडे तीन शब्द तयार आहेत. ‘ब्रदर’चंही तसंच. ओनीसान म्हणजे दादा, ओनेऽसान म्हणजे ताई. इंग्रजीत ‘एल्डर’ जोडून जे सांगावं लागतं ते आपण लहानपणापासून बोलतोय.

क्रियापदांच्या जोड्यांवर एन-४ मध्ये बरेच जण अडखळतात. ओचिरु आणि ओतोसु, वारेरु आणि वारु, किरेरु आणि किरु, तोमारु आणि तोमेरु. इंग्रजी अर्थात ‘ब्रेक’, ‘कट’, ‘स्टॉप’ असे एकच शब्द दोन्हीकडे दिसतात आणि पुढे ‘सकर्मक’, ‘अकर्मक’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, जे कोणी वाचत नाही. मराठीत लिहा: पडणे-पाडणे, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, थांबणे-थांबवणे. समजवायला काही उरतच नाही. सगळ्याच जोड्या अशा बसत नाहीत. आकु आणि आकेरु या दोन्हींना आपण ‘उघडणे’च म्हणतो, तिथे ‘दार आपोआप उघडतं’ आणि ‘मी दार उघडतो’ अशी वाक्यं लिहून ठेवावी लागतात.

यापुढची गोष्ट तर व्याकरणाच्या पुस्तकांना पानंच्या पानं लावते. ‘ताबेते मिरु’चा इंग्रजी अर्थ ‘खायचा प्रयत्न करणे’ असा दिला जातो आणि विद्यार्थी तो खटपट करण्याच्या अर्थाने वापरतो. तो अर्थ ‘ताबेयोऽ तो सुरु’चा. ‘ताबेते मिरु’ म्हणजे अक्षरशः ‘खाऊन बघणे’. मिरु म्हणजे बघणे! तसंच ‘कात्ते ओकु’ म्हणजे विकत घेऊन ठेवणे, ओकु म्हणजे ठेवणे. ‘मोत्ते कुरु’ म्हणजे घेऊन येणे, ‘मोत्ते इकु’ म्हणजे घेऊन जाणे. ‘ताबेते शिमात्ता’ म्हणजे खाऊन टाकलं. एका क्रियापदाला दुसरं जोडून अर्थाला वळण द्यायची ही खोड दोन्ही भाषांना आहे, इंग्रजीला नाही.

‘वाताशी वा निहोंगो गा वाकारु’ या वाक्यात ‘गा’ का आणि कर्माचा ‘ओ’ का नाही, हा वर्गातला नेहमीचा प्रश्न. इंग्रजी वाक्यात ‘मी’ कर्ता आणि ‘जपानी’ कर्म असतं, म्हणून ‘ओ’ लावावासा वाटतो. मराठीत म्हणून बघा: मला जपानी कळतं. कळणारी जपानी आहे, मी नाही. मला आवडतं, मला हवंय, या वाक्यांची घडणही तीच, आणि जपानीत तिथेही ‘गा’च. ‘तोमोदाचि नि आउ’ म्हणजे मित्राला भेटणे, तिथला ‘नि’ आपल्या ‘ला’च्या जागी नेमका बसतो.

पण ‘ला’ दिसला की ‘नि’ असा नियम करू नका. ‘त्याला मारलं’ यातला ‘ला’ जपानीत ‘ओ’ होतो. ‘करून देणे’च्या बाबतीतही मराठी कमी पडते: मी दुसऱ्याला करून दिलं तर ‘आगेरु’, दुसऱ्याने मला करून दिलं तर ‘कुरेरु’. आपण दोन्हीकडे ‘दिलं’ म्हणून मोकळे होतो. अशा जागांसाठी माकिनो आणि त्सुत्सुइ यांचा मूलभूत जपानी व्याकरणाचा कोश अजून उपयोगी आहे. १९८६ चं, इंग्रजीतलं, जपान टाइम्सने काढलेलं पुस्तक. जपानी शिकवणाऱ्या संस्थेच्या ग्रंथालयात चौकशी करून बघा. हे एक पुस्तक विकत घ्यायचं ठरवलंत तर दहा ॲपपेक्षा जास्त कामाला येईल.

म्हणून शब्द इंग्रजी कोशात बघा, पण टिपण मराठीत करा. आणि मराठीत करताना एकटा शब्द नाही, छोटं वाक्य. ‘त्सुमेताइ: गार’ यापेक्षा ‘त्सुमेताइ मिझु: गार पाणी’ असं.

उलट दिशेने, म्हणजे इंग्रजीवरून जपानी शब्द शोधताना, एक पाऊल वाढवा. मिळालेला जपानी शब्द परत कोशात टाकून त्याचे सगळे अर्थ आणि वाक्यं बघा. नोंदीत ‘कालबाह्य’, ‘फक्त लेखी’ किंवा ‘सहसा कानात लिहितात’ अशा खुणा असतात. त्या न वाचल्यामुळे लोक ई-मेलमध्ये शंभर वर्षांपूर्वीचे शब्द वापरतात.

अँकी: फुकट आहे, पण उधारीवर चालतं

शब्द बघणं वेगळं आणि लक्षात राहणं वेगळं. लक्षात ठेवण्यासाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं साधन म्हणजे अँकी. नावच जपानी आहे: आंकी म्हणजे पाठांतर. डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये ते काढलं, तेही स्वतः जपानी शिकताना. कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. आठवलं तर ते कार्ड लांबच्या तारखेला, नाही आठवलं तर लवकर परत. संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर मात्र एकदाच पण भरभक्कम रक्कम मोजावी लागते.

बहुतेकांचं अँकी दुसऱ्या महिन्यात सुटतं, आणि कारण आळस हे नसतं. मूळ सेटिंग रोज २० नवीन कार्डांची असते. पहिल्या आठवड्यात मजा वाटते. पण आजची वीस उद्या, परवा, आठवड्याने परत येतात, आणि थोड्याच आठवड्यांत रोजची उजळणी शंभर-दोनशेच्या घरात जाते. मग गणपतीत चार दिवस चुकले की पाचव्या दिवशी सहाशे कार्डं वाट बघत असतात. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून शिकणाऱ्याने नवीन कार्डं पाच ते आठ एवढीच ठेवावीत. काम साचलंच तर नवीन कार्डं शून्यावर आणून आधी जुनी फेडावीत.

तयार संच घ्यावा की स्वतःची कार्डं करावीत? पहिल्या हजारेक शब्दांपर्यंत तयार संच चांगला, विशेषतः ज्यात आवाज आहे तो. त्यावर मराठी अर्थाची एक ओळ स्वतः भरत जा. पुढे मात्र तुमच्या वाचनात आलेल्या वाक्यांचीच कार्डं टिकतात.

कांजी शिकवणारं वानीकानी हेही लोकप्रिय आहे. साठ पातळ्या, सुमारे दोन हजार कांजी, पहिल्या तीन पातळ्या फुकट आणि पुढे वर्गणी. त्यातल्या कांजी लक्षात ठेवायच्या गोष्टी इंग्रजी शब्दखेळांवर आणि अमेरिकन विनोदावर बेतलेल्या आहेत. त्या तुम्हाला हसवत असतील तर पैसे वसूल. हसवत नसतील, तर एक कांजी पाठ करायला आधी एक विनोद पाठ करावा लागतो.

‘एन-३ चा शब्द’ हे कोण ठरवतं?

ॲपमध्ये शब्दाशेजारी एन-५, एन-४ अशी चिठ्ठी असते. विद्यार्थी ती अधिकृत समजतात. जेएलपीटी ही परीक्षा २०१० मध्ये पाच पातळ्यांची झाली, आणि तेव्हापासून आयोजक कोणत्या पातळीला कोणते शब्द आणि कांजी हे जाहीर करत नाहीत. ॲपमधल्या याद्या जुन्या चार पातळ्यांच्या परीक्षेवरून आणि जुन्या प्रश्नपत्रिकांवरून लोकांनी केलेला अंदाज आहे. अंदाज वाईट नाही. पण ‘एन-३ ची सगळी यादी पाठ केली, तरी पेपरात अनोळखी शब्द कसे आले?’ या तक्रारीचं उत्तर यात आहे. जपान सरकारने रोजच्या वापरासाठी ठरवलेली २,१३६ कांजींची जोऽयोऽ यादी मात्र अधिकृत आहे, २०१० साली सुधारलेली.

काम करायला जपानला जायचं असेल, उदाहरणार्थ २०१९ पासून सुरू झालेल्या विशेष कौशल्य व्हिसावर, तर साधारणपणे एन-४ किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा लागते. यात ऐकण्याला मोठं वजन आहे. त्यासाठी शब्दकोशापेक्षा जपान फाउंडेशनची ‘इरोदोरी’ ही पुस्तकं महत्त्वाची. आवाजासकट फुकट उतरवता येतात आणि दुकान, कचरा, दवाखाना, शिफ्टची वेळ असले खरे प्रसंग त्यात आहेत. एनएचके वर्ल्डचे सोप्या जपानीचे पाठ हिंदीतही मिळतात. पुस्तकांसाठी हजारो रुपये घेणाऱ्या क्लासची जाहिरात दिसली, तर आधी हे फुकटचं बघून घ्या.

जपानीचा अर्थ जपानीत

एन-३ च्या आसपास इंग्रजी अर्थ अपुरे पडू लागतात. ‘आनंदी’ या एका अर्थाखाली उरेशीइ, तानोशीइ, शिआवासे असे शब्द येतात. उरेशीइ म्हणजे काहीतरी घडल्यावर त्या क्षणी झालेला आनंद, तानोशीइ म्हणजे करताना मजा येते ती, शिआवासे म्हणजे सुखी असणं. हा फरक जपानी-जपानी कोश दोन ओळींत सांगतो. कोतोबांकवर असे कोश फुकट बघता येतात. थेट कोऽजिएनला हात घालू नका. तो जुन्या अर्थापासून नव्याकडे येतो, त्यामुळे पहिला अर्थ आज कोणी वापरत नसलेला निघू शकतो. दाइजिरिन आधी आजचा अर्थ देतो. जपानी शाळकरी मुलांसाठीचे कोश तर याहून बरे, कारण त्यांत फुरिगाना असते.

एआयला विचारलं तर?

चॅटबॉट व्याकरण समजावून सांगण्यात तरबेज आहेत, तेही मराठीत. ‘या वाक्यात गा का आला’ असं विचारायला उत्तम. पण एखाद्या शब्दाच्या छटा, चढउतार किंवा कांजीची व्युत्पत्ती विचारली तर न अडखळता चुकीचं उत्तरही देतात आणि दोन्ही उत्तरांचा सूर सारखाच असतो. त्यामुळे शब्दाचा अर्थ कोशात बघा, आणि कोशातलं समजलं नाही तर बॉटला विचारा. भाषांतर करणाऱ्या ॲपबाबत एवढंच लक्षात ठेवा की जपानी वाक्यात कर्ता बऱ्याचदा गाळलेला असतो आणि क्रियापदावरून स्त्री की पुरुष हे कळत नाही. मराठीत ‘गेला’ की ‘गेली’ हे लिहावंच लागतं. ॲप तिथे अंदाज करतं, आणि तो अंदाज आहे असं सांगत नाही.

तरीही यंत्र हवंच असेल

एन-२ पर्यंत पोचलात, भाषांतराचं काम करायचंय किंवा फोनपासून सुटका हवीय, तर यंत्र घ्या, पण जपानमधलं वापरलेलं घ्या. बुक-ऑफ, हार्ड-ऑफ अशा दुकानांत जुनी मॉडेलं नव्याच्या मानाने बरीच स्वस्त मिळतात. आणणाऱ्याला मॉडेलचा नंबर विचारा आणि आत कोणते कोश आहेत ते कंपनीच्या पानावर तपासा, कारण सारख्याच दिसणाऱ्या दोन यंत्रांत एक शाळेचं आणि एक विद्यापीठाचं असू शकतं. पेनने लिहायचा स्क्रीन सगळीकडून उमटतो का, बिजागरी सैल आहे का, सेलच्या खाचेत गंज आहे का, हे दुकानातच बघायला सांगा. कॅसिओची बरीच मॉडेलं साध्या पेन्सिल सेलवर चालतात. बॅटरी अंगचीच असेल तर ती बदलायची सोय भारतात असेल असं गृहीत धरू नका.